डॉ. इलियट जॉस्लिन : मधुमेहींना जगण्याचे शास्त्र शिकविणारा वैद्य

मधुमेहाच्या इतिहासात इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. मात्र इन्शुलिन हाती येण्यापूर्वी रुग्णांना जगवून ठेवणारे, आणि ते हाती आल्यावर त्याचा वापर कसा करावा हे रुग्णांच्या घरापर्यंत जाऊन शिकविणारे एक वैद्य अमेरिकेतील बोस्टन शहरात जवळपास साठ वर्षे कार्यरत होते. डॉ. इलियट प्रॉक्टर जॉस्लिन हे त्यांचे नाव. मधुमेही व्यक्तीने काय खावे, किती खावे, उपाशी असताना काय प्यावे आणि रात्री झोपण्यापूर्वी पोटात काय असावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांना त्यांनी शास्त्राचा दर्जा दिला.

बालपण आणि शिक्षण

जॉस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या लहानशा गावी झाला. वडिलांचा पादत्राणे तयार करण्याचा कारखाना होता आणि घरची परिस्थिती सुखवस्तू होती. न्यू इंग्लंडमधील जुन्या प्युरिटन परंपरेत वाढलेल्या या घरात काटकसर, कष्ट आणि नियमितपणा यांना फार मान होता. या संस्कारांचा ठसा पुढे जॉस्लिन यांच्या वैद्यकीवरही उमटला.

येल महाविद्यालयातून १८९० साली पदवी घेतल्यानंतर त्यांनी तेथेच रसेल चिटेंडन या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली शरीरक्रियेच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्यानंतर हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून १८९५ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी मधुमेहाच्या विकृतिशास्त्रावर निबंध लिहून पारितोषिक मिळविले होते. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात उमेदवारी केल्यावर ते काही काळ युरोपात गेले. त्या वेळी मधुमेहाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र स्ट्रासबर्ग येथे होते. कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो, हे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८९ साली तेथेच दाखवून दिले होते. मिंकोव्स्की यांचे गुरू बर्नहार्ड नाउनिन यांचे काम जॉस्लिन यांनी जवळून पाहिले. आहारावर काटेकोर नियंत्रण ठेवण्याचा धडा त्यांना तेथे मिळाला. १८९८ साली बोस्टनला परतून त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

एका नोंदवहीची कथा

१८९३ साली, वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच, जॉस्लिन यांनी एका तरुण मधुमेही मुलीची तपासणी केली होती. तिचे नाव, वय आणि आजाराचा तपशील त्यांनी एका वहीत लिहून ठेवला. रुग्ण क्रमांक एक म्हणून झालेली ही नोंद पुढे एका महाग्रंथाचे पहिले पान ठरली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद त्यांनी त्याच पद्धतीने ठेवली. रुग्ण केव्हा आला, काय खात होता, वजन किती होते, लघवीत साखर किती होती, आणि शेवटी त्याचा मृत्यू केव्हा व कशाने झाला, हे सारे त्या वहीत लिहिले जाई. रुग्ण येईनासा झाला तर पत्र पाठवून त्याचा शोध घेण्यात येई.

या वहीत आठव्या क्रमांकाची रुग्ण म्हणून जॉस्लिन यांच्या आईचे, सारा प्रॉक्टर जॉस्लिन यांचे नाव आहे. एकोणिसावे शतक संपत असताना त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले. मुलाने आईचा आहार स्वतः ठरवून दिला. आईने तो निष्ठेने पाळला आणि त्या दहा वर्षांहून अधिक काळ जगल्या. त्या काळाच्या मानाने हे आयुष्य बरेच होते. शिस्तीने वागणारा रुग्ण अधिक जगतो, ही जॉस्लिन यांची श्रद्धा घरातल्या या अनुभवातून दृढ झाली. हीच श्रद्धा पुढे त्यांचे सर्वांत मोठे बळ ठरली, आणि काहींच्या दृष्टीने त्यांची मर्यादाही.

या नोंदींच्या आधारे १९१६ साली त्यांचा मधुमेहाच्या उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामागे एक हजार रुग्णांचा अनुभव होता. इंग्रजी भाषेतील मधुमेहाचा हा पायाभूत ग्रंथ मानला जातो. त्याच्या नव्या आवृत्त्या जॉस्लिन यांच्या निधनानंतरही निघत राहिल्या आणि २००५ साली चौदावी आवृत्ती प्रकाशित झाली. मूळ ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १९१८ साली, त्यांनी आणखी एक छोटे पुस्तक लिहिले. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वापरावे म्हणून लिहिलेली ती पुस्तिका होती. रुग्णाच्या हाती त्याच्या आजाराचे शास्त्र देण्याची कल्पना त्या काळी नवी होती. औषधाचे नावही रुग्णाला न सांगण्याची प्रथा असताना जॉस्लिन यांनी त्याला लघवी तपासायला आणि अन्न तोलायला शिकविले.

उपवासाचे युग

इन्शुलिनपूर्व काळातील मधुमेहाची भीषणता आज कल्पनेत आणणेही कठीण आहे. लहान मुलाला मधुमेह झाला, तर त्याचे आयुष्य महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत मोजले जाई. शरीराला साखर वापरता येत नसल्याने ते चरबी जाळू लागे, त्यातून रक्तात आम्ल साठे आणि रुग्ण बेशुद्धावस्थेत जाऊन दगावे. जॉस्लिन यांच्या नोंदीनुसार १९१४ पूर्वीच्या काळात त्यांच्या मृत रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांचा अंत असाच झाला होता.

आहार आणि मधुमेह यांचा संबंध वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. भारतात चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये मधुमेहाचे वर्णन आहे आणि आहार-विहाराचा विचारही आहे. युरोपात १७९७ साली जॉन रोलो यांनी मांसप्रधान आहाराचा प्रयोग केला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता अन्नटंचाईच्या काळात मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे आपोलिनेर बुशार्दा यांच्या ध्यानात आले. या विचारधारेचे टोक गाठले ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी. केवळ पिष्टमय पदार्थ कमी करून भागत नाही, एकूण आहारच कमी करावा लागतो, असे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले आणि १९१४ पासून रुग्णांवर उपवासाचे उपचार सुरू केले.

जॉस्लिन यांनी ही पद्धती स्वीकारली, पण तिला स्वतःच्या अनुभवाची जोड दिली. रुग्णाचे अन्न एकदम तोडल्यास आम्लता वाढून धोका निर्माण होतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून प्रथम आहारातील स्निग्ध पदार्थ बंद करावेत, दोन दिवसांनी प्रथिने बंद करावीत, मग पिष्टमय पदार्थ रोज निम्म्याने कमी करीत न्यावेत आणि शेवटी उपवास सुरू करावा, असा क्रम त्यांनी ठरविला. लघवी साखरमुक्त होईपर्यंत, जास्तीत जास्त चार दिवस, हा उपवास चाले. या दिवसांत रुग्णाला हवे तेवढे पाणी, चहा, कॉफी आणि मांसाचे पातळ, निवळ सूप एवढेच घेण्याची मुभा असे. साखर आणि दूध यांना अर्थातच मज्जाव होता.

रिकाम्या पोटी रात्र काढणाऱ्या रुग्णासाठी गरम सुपाचा पेला हा मोठा आधार असे. त्यात पिष्टमय पदार्थ जवळपास नसल्याने लघवीतील साखर वाढत नसे. ऊब मिळे, थोडे क्षार मिळत आणि काहीतरी पोटात गेल्याचे समाधान लाभे. उपवास संपल्यावर सुरुवातीला अत्यल्प पिष्ट असलेल्या पालेभाज्या दिल्या जात. त्यांतीलही पिष्टांश निघून जावा म्हणून त्या तीन वेळा उकळून प्रत्येक वेळी पाणी ओतून टाकण्यात येई. मागे उरे तो केवळ चोथा. पोट भरल्याचा भास निर्माण करणे हाच त्याचा उपयोग होता.

या उपचाराने अनेकांचे आयुष्य लांबले हे खरे, पण त्याची किंमतही भयंकर होती. हाडांचे सापळे झालेली मुले रुग्णालयात पडून असत. आम्लतेपासून वाचलेल्या काहींना उपासमारीनेच गाठले. भुकेल्या लेकराला अन्न नाकारणे कोणत्याही आईबापांना सोपे नव्हते, आणि ते करण्यास सांगणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. तरीही जॉस्लिन हा मार्ग सोडीत नव्हते. आज ना उद्या काही उपाय सापडेल, तोवर रुग्ण जिवंत राहिला पाहिजे, या आशेवर ते काम करीत होते. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अशी आशा फार थोड्या वेळा फळाला आली आहे. या वेळी मात्र ती आली.

इन्शुलिनचे आगमन

३० डिसेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे अमेरिकेच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेत बँटिंग आणि त्यांचे टोरंटो येथील सहकारी आपले प्राथमिक निष्कर्ष सादर करीत होते. त्या सभेला ॲलन आणि जॉस्लिन दोघेही उपस्थित होते. बँटिंग यांचे निवेदन प्रभावी झाले नाही, पण त्यातील आशय या दोघांना पुरेपूर उमगला. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, ११ जानेवारी १९२२ रोजी, टोरंटोमध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. त्याच महिन्यात शुद्ध केलेल्या अर्काने मात्र चमत्कार घडविला.

इन्शुलिनच्या चाचण्यांसाठी ज्या मोजक्या अमेरिकी डॉक्टरांची निवड झाली, त्यांत जॉस्लिन यांचा समावेश होता. ७ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांनी बोस्टनमध्ये आपल्या एका रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन दिले. ही रुग्ण ४२ वर्षांची प्रशिक्षित परिचारिका होती. पाच वर्षांच्या आजारात आणि कठोर आहारामुळे तिचे वजन सुमारे ३१ किलोवर आले होते आणि घराबाहेर पडण्याचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. काही आठवड्यांतच ती पायी फिरू लागली. पुढे ती अनेक वर्षे जगली. बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याला दरीतील वाळलेल्या अस्थी पुन्हा सजीव होताना दिसल्याची कथा आहे. आपल्या डोळ्यांसमोर घडत असलेल्या दृश्याची तुलना जॉस्लिन यांनी त्या कथेशी केली होती.

इन्शुलिन मिळताच आहाराचे महत्त्व संपले, असे अनेकांना वाटले. जॉस्लिन यांचे मत नेमके उलट होते. इन्शुलिन चुकीच्या मात्रेत दिले, किंवा दिल्यावर रुग्णाने वेळेवर खाल्ले नाही, तर रक्तातील साखर एकदम खाली जाते. घाम, थरकाप, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी अशी त्याची चढती लक्षणे असतात. त्यामुळे इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाला आपल्या आहाराचे ज्ञान पूर्वीपेक्षाही अधिक हवे, असे ते सांगत. आहार, व्यायाम आणि इन्शुलिन हे तीन घोडे असून त्यांचा रथ हाकणारा सारथी स्वतः रुग्ण आहे, ही त्यांची उपमा जगभर पोहोचली.

रुग्ण हाच विद्यार्थी

बोस्टनच्या न्यू इंग्लंड डीकनेस रुग्णालयात जॉस्लिन यांनी रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. रुग्ण तेथे केवळ बरा होण्यासाठी दाखल होत नसे, तर शिकण्यासाठीही येत असे. निळ्या रंगाच्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग पाहायचा, हा पहिला धडा होता. द्रावण निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे ते विटकरी अशा क्रमाने रंग बदलला तर साखर वाढत गेलेली. इंजेक्शन स्वतः टोचून घेणे, सुई उकळून निर्जंतुक करणे आणि तराजूवर अन्न तोलणे हे पुढचे धडे होते.

रुग्णाच्या हाती एक तक्ता दिला जाई. त्यात प्रत्येक पदार्थाच्या एका औंसात, म्हणजे सुमारे ३० ग्रॅममध्ये, पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश किती हे लिहिलेले असे. दुधाच्या एका औंसात सुमारे दीड ग्रॅम शर्करा असते, ही नोंद त्यात होती. या हिशेबाने आठ औंसांच्या पेलाभर दुधात साखर न घालताही सुमारे १२ ग्रॅम शर्करा जाते. चवीला गोड न लागणारा पदार्थही रक्तातील साखर वाढवू शकतो, हे रुग्णाला अशा आकड्यांतून कळे.

जॉस्लिन यांनी परिचारिकांनाही मधुमेहाचे खास शिक्षण दिले. या परिचारिका रुग्णांच्या घरी जात, काही दिवस तेथे राहून कुटुंबाला आहाराची आणि इंजेक्शनची सवय लावीत. आज जगभर मधुमेह शिक्षक म्हणून जो स्वतंत्र व्यवसाय ओळखला जातो, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. पायांच्या निगेवरही त्यांचा विशेष भर होता. मधुमेहींच्या पायाला होणारे गँगरीन हे दैवाने येत नसून दुर्लक्षामुळे येते, असे त्यांनी १९३४ साली ठामपणे मांडले. पाय रोज धुवावेत, पाहावेत, जखम लहान असतानाच दाखवावी, या सूचना तेव्हापासून रुढ झाल्या.

त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. १९२४ साली त्या जॉस्लिन यांच्याबरोबर काम करू लागल्या. मधुमेही मुले आणि गर्भवती स्त्रिया हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. मधुमेही स्त्रीने मूल होऊ देऊ नये असे मानले जात असताना व्हाइट यांनी काटेकोर देखरेखीखाली शेकडो सुखरूप बाळंतपणे घडवून आणली. मुलांसाठी उन्हाळी शिबिरेही सुरू झाली. जॉस्लिन यांच्या जन्मगावी, क्लेरा बार्टन यांच्या जन्मस्थानी, १९३२ साली मधुमेही मुलींचे शिबिर सुरू झाले. आपल्यासारख्याच इतर मुली इंजेक्शन घेताना आणि तरीही खेळताना पाहून या मुलींच्या मनातील एकटेपणा दूर होत असे.

झोपण्यापूर्वीचा पेला

१९३६ साली डेन्मार्कचे डॉ. हान्स क्रिस्टियन हॅगेडॉर्न यांनी इन्शुलिनला प्रोटामीन या प्रथिनाची जोड देऊन त्याचा परिणाम लांबविला. अमेरिकेत या नव्या औषधाचा अनुभव सर्वप्रथम घेणाऱ्यांमध्ये जॉस्लिन यांचा चमू होता. दिवसातून अनेकदा टोचून घेण्याचा त्रास कमी झाला, परंतु एक नवी अडचण उभी राहिली. या इन्शुलिनचा प्रभाव रात्रभर चालू राही. रुग्ण गाढ झोपेत असताना साखर खाली जाण्याचा धोका होता, आणि झोपेत त्याची लक्षणे ध्यानात येणे कठीण होते.

त्यामुळे दिवसभराच्या आहारातील काही पिष्टांश रात्री झोपताना घेण्यासाठी राखून ठेवण्याची पद्धती रूढ झाली. पेलाभर दूध आणि सोबत एखाद-दुसरे बिस्किट असे त्याचे स्वरूप असे. वीस वर्षांपूर्वी ज्या रुग्णांना रात्री निवळ सुपाखेरीज काहीही द्यायचे नाही असा नियम होता, त्यांच्यासारख्याच रुग्णांना आता झोपण्यापूर्वी दूध घेण्यास सांगण्यात येऊ लागले. मधुमेहीने रात्री काय प्यावे, या प्रश्नाला कायमचे एकच उत्तर नाही, हे या बदलातून स्पष्ट होते. शरीरात इन्शुलिन किती आहे, ते केव्हा काम करते आणि त्या वेळी रक्तात साखर किती आहे, यावर ते उत्तर अवलंबून असते. इन्शुलिन वाढले तशी आहारातील पिष्टांशाची मर्यादाही जॉस्लिन यांनी क्रमाक्रमाने वाढविली. दिवसाला जेमतेम १० ग्रॅमपासून सुरू झालेला हा प्रवास पुढे शंभर ग्रॅमच्या पलीकडे गेला. दुसरीकडे, पिष्ट कमी करून त्याची भरपाई लोणी आणि साय यांनी करण्याविषयी त्यांच्या मनात कायम साशंकता होती. अति स्निग्ध आहारामुळे रक्तवाहिन्या लवकर कठीण होतात, असा संशय त्यांनी १९२० च्या दशकातच व्यक्त केला होता.

जॉस्लिन यांनी मधुमेहाच्या इतिहासाचे कालखंड पाडले आणि त्यांना नाउनिन, ॲलन, बँटिंग, हॅगेडॉर्न व बेस्ट यांची नावे दिली. या कालखंडांपैकी जवळपास सर्वांत ते स्वतः कार्यरत होते. तथापि एकाही कालखंडाला त्यांनी आपले नाव दिले नाही.

शिस्तीचा आग्रह आणि वाद

इन्शुलिनमुळे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले आणि त्याबरोबर आजाराचे दुसरे रूप समोर आले. पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्यांची दृष्टी जाऊ लागली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेहामुळे मूत्रपिंडात होणाऱ्या विशिष्ट विकृतीचे वर्णन १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी केले. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिल्यामुळेच हे घडते, असे जॉस्लिन यांचे ठाम मत होते. मात्र ते सिद्ध करणारा पुरावा त्या वेळी उपलब्ध नव्हता.

न्यूयॉर्कचे डॉ. एडवर्ड टॉलस्टॉय आणि त्यांच्या विचाराचे अन्य डॉक्टर वेगळी भूमिका मांडीत होते. रुग्णाला बरे वाटत असेल, वजन टिकून असेल आणि आम्लता होत नसेल, तर लघवीतील साखरेची फार चिंता करू नये, त्याला मोकळेपणाने जेवू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. विशेषतः मुलांना तराजू आणि तक्त्यांच्या जाचातून मुक्त करावे, असा आग्रह धरला जात होता. हा वाद अनेक वर्षे चालला.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. जॉस्लिन यांची भाषा बऱ्याचदा धर्मोपदेशकाची असे. साखर वाढली म्हणजे रुग्णाने पथ्य मोडले, असा अर्थ त्यातून निघे. पथ्य काटेकोरपणे पाळूनही ज्यांची दृष्टी गेली, अशा रुग्णांच्या पदरी आजाराबरोबर अपराधीपणाची भावनाही आली. प्रयत्नांबरोबर आनुवंशिकतेचा आणि दैवाचाही भाग असतो, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. दुसऱ्या बाजूला, रुग्णाच्या हाती काहीच नाही असे न मानता त्याला कर्तेपण देणारेही जॉस्लिनच होते. मधुमेहासह २५ वर्षे गुंतागुंतीविना काढणाऱ्यांना त्यांनी पदक देण्याची प्रथा १९४० च्या दशकात सुरू केली. त्यांच्या पश्चात १९७० पासून ५० वर्षांसाठीही पदक दिले जाऊ लागले.

या वादाचा निकाल लागण्यास १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळून आले. मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्या विकारांतही लक्षणीय घट दिसली. मात्र याच गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रकार सुमारे तिपटीने अधिक होते. जॉस्लिन यांचा सिद्धांत खरा ठरला, आणि त्याबरोबर रुग्णाला शिकविण्याची त्यांची निकडही.

साथीची पूर्वसूचना

मधुमेह हा केवळ एका रुग्णाचा प्रश्न नसून समाजाचा प्रश्न आहे, हे जॉस्लिन यांनी फार लवकर ओळखले. १९२१ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी आपल्या परिसरातील एका शांत गावाचे उदाहरण दिले होते. तेथील एका रस्त्यावर शेजारी शेजारी असलेल्या तीन घरांत कालांतराने सात कुटुंबप्रमुख राहून गेले आणि त्यांपैकी सहा जण मधुमेहाने मरण पावले. हेच मृत्यू एखाद्या संसर्गजन्य रोगाने झाले असते, तर आरोग्य खाते खडबडून जागे झाले असते, ही बाब त्यांनी वाचकांच्या ध्यानी आणून दिली. लठ्ठपणा टाळणे हा प्रतिबंधाचा मुख्य मार्ग असल्याचे त्यांनी त्याच लेखात प्रतिपादन केले.

१९४६-४७ मध्ये त्यांच्याच ऑक्सफर्ड गावी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ३,५१६ व्यक्तींची तपासणी केली. त्यांत ७० मधुमेही आढळले. ४० जणांना आपला आजार ठाऊक होता, तर ३० जणांना त्याची कल्पनाच नव्हती. ज्ञात रुग्णांच्या जवळपास बरोबरीने अज्ञात रुग्ण समाजात वावरत असतात, हे या पाहणीतून प्रथमच स्पष्टपणे पुढे आले.

अखेरची वर्षे

जॉस्लिन यांचे स्वतःचे जीवन त्यांनी रुग्णांना घालून दिलेल्या शिस्तीसारखेच होते. शरीराने सडसडीत असलेले जॉस्लिन मोजके जेवत आणि पहाटे उठून लिहायला बसत. १९०२ साली एलिझाबेथ डेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांच्या मुलांपैकी ॲलन हे पुढे वडिलांच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करू लागले. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये जॉस्लिन यांच्या नावाने मधुमेहाची स्वतंत्र संस्था आणि तिची वास्तू उभी राहिली. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचे रुग्ण तपासणे थांबले नाही. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेल्या नोंदवहीत तोवर हजारो रुग्णांची आयुष्ये जमा झाली होती. एके काळी ज्या आम्लताजन्य बेशुद्धीने त्यांचे बहुतांश रुग्ण दगावत, तिचे प्रमाण त्यांच्या अखेरच्या काळात नगण्य झाले होते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. रात्री झोपताना साखर घातलेले दूध घेण्याची सवय आपल्याकडील असंख्य घरांत आहे. अशा घरांसाठी जॉस्लिन यांची शिकवण आजही तितकीच उपयुक्त आहे. साखरेविना चहा, पातळ ताक, भाज्यांचे निवळ सूप किंवा साधे कोमट पाणी ही कमी पिष्टांशाची पेये अनेकांना चालण्यासारखी असतात. मात्र इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने रात्रीचा आहार परस्पर बदलू नये. त्याने आपली साखर तपासावी, तिची नोंद ठेवावी आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. सव्वाशे वर्षांपूर्वी बोस्टनच्या एका तरुण वैद्याने हेच काम वही उघडून सुरू केले होते.